लाल शाईतली टिपणं

प्रिय ताई,

पाकीट बघून तुला वाटेल, धाकट्याने वही पाठवली. वही नाहीये. यावेळी मी भांडायला बसलोय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागदावर.

रविवारी बाबांचा फोन आला. रडत होते. मला वाटलं, कोणी गेलं. तर म्हणाले, पोरा, आज उपदेशात तुझं टिपण वाचलं. वादळातल्या होडीचं. सगळे वादळच बघतात, पण होडीत झोपलेल्या येशूच्या डोक्याखाली उशी होती. तेवढ्या धांदलीतही ती कोणीतरी आठवणीने ठेवली असणार, आणि त्या माणसाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. बाबा म्हणाले, इतकी वर्षं पाळक आहे, मला ही उशी दिसली नाही, तुला दिसली!

मला कुठली दिसतेय, डोंबल! सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. निळ्या शाईत चार ग्रीक शब्दांचे अर्थ चुकीचे लावले होते, तेवढेच माझे. खालची लाल शाई तुझी. वही तू टेबलावर विसरलीस, वर नाव माझं, आणि अक्षर आपलं सारखंच, कारण गिरवायला मला तूच शिकवलंस. बाबांचे डोळे अधू, त्यांना निळं-लाल कळलं नाही, मान्य. पण तू? दुसऱ्या बाकावर बसली होतीस ना? तोंडाला कुलूप होतं का? विचारलं तर म्हणतेस, असू दे रे, बाबांना किती आनंद झालाय. ते ऐकून मी लाँड्रीत हातातली चादर अशी आपटली की मुकादम धावत आला.

तुझं हे आजचं नाही. बाबा समोरच्या खोलीत पाळक होऊ घातलेल्या पोरांना ग्रीक शिकवायचे आणि तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहायचीस. चहा निवायचा. बाबा ओरडायचे. कोणाला कळलं नाही की ही दारातली मुलगी आतल्या सगळ्यांच्या पुढे गेलीय. मग पहाटे उठून, पाव तास, ग्रीक शुभवर्तमानातली एकच ओळ. मी चिडवायचो, ताई देवाशी परक्या भाषेत चुगल्या करते.

इथे आलो तेव्हा मी फार बिथरलेला होतो, तुला माहीत आहे. दोन नोकऱ्या सोडल्या, तिसरीत हाणामारी केली. तेव्हा तू पहिली वही पाठवलीस. लिहिलंस, परीक्षा समजू नकोस, प्रार्थना समज, रोज एक ओळ, दोन नाहीत. वही भरली की मी पाठवायची, तू लाल शाईत तपासायची. या लाँड्रीत इस्त्रीचा मोठा रोलर तापायला दहा मिनिटं लागतात. बाकीचे बिड्या ओढतात, मी ओळ लावतो. मला पंडित म्हणतात. मशीन बंद पडलं की मुकादम हाक मारतो, ए पंडित, विचार वर, कधी चालू होणार! हसतो मीही. पण त्या दहा मिनिटांनी मला इथे टिकवलंय. ती माझी होती, ताई. त्यांचाच तू फास केलास माझ्या गळ्यात.

कारण बाबांचा आवाज बसत चाललाय, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांनी मला पाळकाचं शिकायला पाठवायचं ठरवत आणलंय. मी परत यायचं, बाबांच्या जागी उभं राहायचं, आणि दर आठवड्याला तू आतल्या खोलीत लाल शाईत लिहायचं, मी बाहेर वाचायचं. हेच हवं होतं तुला? मला चोर करून तुला काय मिळणार होतं?

आता का लिहितोय ते ऐक. काल मी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. मी लगेच वडीलजनांतल्या थोरल्यांना लावला. त्यांना वाटलं, मी जबाबदारी टाळतोय. म्हणाले, असं असेल तर तिच्याच तोंडून ऐकू. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचही वडीलजन घरी येणार आहेत. कुठलीही ओळ काढतील आणि तुला समजावून सांगायला सांगतील. बाबाही तिथेच असतील. मी तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण ते झाल्यावर. शनिवारी चहा दुसरं कोणीतरी करेल. तू बाहेरच्या खोलीत येऊन बस.

तुझाच, अजून धुमसत असलेला,
धाकटा