‘सून’ या शब्दाऐवजी

माझा मुलगा आणि सून पुढच्या महिन्यात कायद्याने वेगळे होत आहेत, म्हणून मला हे मृत्युपत्र नव्याने लिहावे लागत आहे. जुन्यात मी मोटरसायकलींच्या सस्पेन्शनचे आमचे वर्कशॉप ‘माझ्या सुनेस’ दिले होते. वकील म्हणाले, “बाई, निकाल लागला की तुम्हाला सूनच राहणार नाही. मग कोणी वाद घातला तर?” त्यांचे बरोबर आहे. ते जुने मृत्युपत्र मी रद्द करते.

उजवा गुडघा सोडला तर माझे सगळे जागेवर आहे, डोके धरून. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणून पाहिलेले एकजण आहेत. त्यांच्याविषयी कलम चारमध्ये. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या कागदावर आहेत.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलाला, विनाअट. तो वाईट नाही. दोघांचे पटले नाही, एवढेच. का पटले नाही, हे मी विचारलेले नाही. विचारले असते तर कोणाची तरी बाजू घ्यावी लागली असती.

२. माझी मोटरसायकलही मुलाला. मात्र ती माझ्या वजनावर लावलेली आहे आणि तो माझ्या दीडपट भरतो. तशीच चालवली तर पहिल्याच खड्ड्यात मागचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर तळाला टेकेल. आधी स्प्रिंगा बदलून, तो बसल्यावर गाडी किती दबते ते मोजून घ्यावे. हे काम कोणाकडून करून घ्यायचे ते त्याने ठरवावे. चांगले काम कुठे होते हे त्याला ठाऊक आहे.

३. वर्कशॉप, म्हणजे जागा, अवजारे, सुटे भाग आणि पाटीवरचे नाव, मी जिला देते तिच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण नात्याचा शब्द आता चालणार नाही.

लग्न होऊन आली तेव्हा ती मला डबा द्यायला यायची आणि गाड्यांपासून चार हात लांब उभी राहायची. एकदा बेकरीवाले आपले वजन सांगत होते, मी लिहून घेत होते. ही मागून हळूच म्हणाली, “आई, हे वजन लग्नाच्या वेळचं असेल.” काटा आणून तोलले, तर खरेच बरेच जास्त भरले. बेकरीवाले अजून तिच्या नजरेला नजर देत नाहीत, पण गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत.

दुसरीकडे आधी स्क्रू फिरवतात. ती आधी माणूस बसवते, हेल्मेट-जॅकेटसकट, आणि त्याच्याशी गप्पा मारते. अंग चोरून बसलेल्याचे माप खोटे येते, असे तिचे म्हणणे. तो सैल झाला की मगच ती टेप लावते.

दोन आठवड्यांपूर्वी हात धुऊन ती म्हणाली, “उद्यापासून मी येत नाही. कोणत्या नात्याने येऊ?”

“कामाच्या.”

“लोक विचारतील.”

“विचारू देत. बिल हातात दिलं की गप्प बसतात.”

“आणि तुम्हाला हाक काय मारू? काकू?”

“काकू म्हणालीस तर हा पाना फेकून मारीन.”

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही.

म्हणून या कागदात तिला मी ‘माझ्या वर्कशॉपची मुख्य कारागीर आणि माझ्या कामाची वारस’ म्हणते. तिने पुन्हा लग्न केले, आडनाव बदलले, तरी हे वर्णन तिलाच लागू राहील. वर्कशॉप तिने चालवावे, विकावे किंवा कुलूप लावून ठेवावे. अट नाही. मला काय आवडेल ते तिला माहीत आहे.

४. माझे दीर. वर्कशॉप उघडले तेव्हा म्हणाले होते, “वहिनी, हे बायकांचं काम नाही.” आता रोज फोन करून म्हणतात, “ती परकी झाली, दुकान घरातच राहू द्या.” तरुणपणी त्यांनी आपल्या गाडीचा शॉक दुसरीकडून कडक करून घेतला आणि कंबर घालवून घेतली. त्यांनी काढून टाकलेला तो शॉक मी त्यांच्या आताच्या वजनाला बेताचा करून कपाटात ठेवला आहे. तो त्यांना द्यावा. बसवून घ्यावा, बरे वाटेल.

५. या सर्वाची अंमलबजावणी वकिलांनी करावी आणि कमी बोलावे.

ठिकाण : वर्कशॉप, पुढच्या खिडकीजवळचे टेबल
दिनांक : १४ मार्च
सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार : १. शेजारचे चष्मेवाले २. वरच्या मजल्यावरच्या शिलाईबाई
आम्ही सर्वांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. तिलाही बोलावून घेतले होते, पण जिला लाभ होतो तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून सह्या होईपर्यंत बाहेर उभे केले.

ताबा-नोंद, त्याच दिवशी

अवजारे पडून राहिली की गंजतात. म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता पुढील वस्तू आजच दिल्या : शॉक उघडायचा प्रेस, सील बसवायचे साचे, मापाची टेप, आणि उघडून ठेवलेला एक मागचा शॉक, ज्याचे मालक सोमवारी येणार आहेत.

देणार : मी.

घेणार (तिच्या अक्षरात) : सगळं मिळालं. शॉकमध्ये भरायच्या नायट्रोजनचा सिलिंडर संपलाय, कोणी बघितलंही नाही. उद्या येताना भरून आणते.