उरुकच्या वेशीत

प्रिय इब्नीदादा,

किश शहराकडे निघालेल्या गाढववाल्याच्या हाती ही मातीची पाटी देतेय. गेल्यापासून तुझी काहीच खबर नाही, पण तू तिथेच असशील असं धरून चालले आहे.

तू उरुक सोडलंस तेव्हा निदान कालव्यात पाणी होतं. आता नुसता गाळ. देवळात पुजारी नाही, कोटावर पहारा नाही. जाणाऱ्यांनी घरांची दारंसुद्धा काढून नेली. वारा रिकाम्या खोल्यांतून फिरतो आणि कुणी हळू बोलत असल्यासारखं वाटतं. आई "कोण आलंय?" म्हणून उठायची.

गेल्या उन्हाळ्यात उरल्यासुरल्या विहिरीवर कुंभार अपिल आणि विणकर शुमी एकमेकांच्या जिवावर उठले. अपिलने कुदळ उगारली. "राजा नाही, पंच नाही, मला कोण अडवतंय?" आई काठी टेकत निघाली ती सरळ वेशीत, पंच बसायचे त्या ओट्यावर जाऊन बसली. "या रे दोघे इकडे. आधी शुमी बोलेल. अपिल, मध्ये तोंड घातलंस तर याद राख." तो हसला. "म्हातारे, तुला कुणी नेमलंय?" "कुणीच नाही. बस खाली." आणि दादा, तो बसला! एकाने सकाळी पाणी भरायचं, दुसऱ्याने संध्याकाळी, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दोघे कालव्यात उतरून गाळ उपसत होते. मग आम्हीही टोपल्या घेऊन गेलो. पाणी काही आलं नाही. पण कोट आणि देऊळ उभं असूनही जे मेलेलं वाटायचं, ते शहर मला तेवढे दिवस जिवंत दिसलं.

जवाच्या कापणीआधी आई गेली. अपिल आणि शुमीनेच घरातली जमीन खणली, तिला बाबांशेजारी ठेवलं. मग विहीर खारट झाली, तसे तेही निघाले. "चल आमच्याबरोबर," म्हणत होते. मी नाही म्हटलं.

काल अमावास्या. जमिनीखालच्या आपल्या माणसांना नावं घेऊन पाणी घातलं. शेजारणी आईला म्हणायच्या, "इब्नीच्याही नावाने घाल, बिचारा तहानलेला फिरत असेल." आई भांडं छातीशी धरायची. "माझा पोरगा जिवंत आहे." आता ते भांडं माझ्या हातात आहे. आजोबांचं नाव घेतलं, बाबांचं, आईचं. पुढे जीभच उचलेना. जिवंत माणसाला हे पाणी घालू नये, आणि मेलेल्याला तहानलेलं ठेवून मी जाऊ कशी? या खोल्यांतून फिरतोय तो तू नाहीस ना रे? तुझं नाव घेऊ की नको, एवढंच कळव.

तुझीच धाकटी,
नरामतू