मार्चच्या बैठकीचं इतिवृत्त

विस्कॉन्सिन,
१४ जून

प्रिय मॅरीबेथ,

खुशाल असशील. इकडे ठीक. घरी रूथचा गुडघा सुधारतोय. टोमॅटो लावले होते, शेजारच्या कुत्र्याने निम्मे उपटले. पुढच्या वर्षाच्या आपल्या मोटरदुरुस्तीच्या वर्गासाठी बावीस जणांनी नावं घातलीत.

तू ग्रीन बेच्या कॉलेजात नोकरीसाठी अर्ज केलास, त्यांचं पत्र मला आलं. ऑटोमेशन शिकवायची तुझी योजना इथे का फेटाळली, असं विचारलंय. पत्र आठवडाभर टेबलावर पडून होतं आणि आताही मी तुला टोमॅटोच्या गोष्टी सांगतोय.

मार्चमध्ये आपल्या पोरांना कामावर घेणाऱ्या कारखानदारांची कॉलेजात सालाबादची बैठक झाली, तेव्हा तू वर्गावर होतीस. सँडविच खाता खाता चीज कारखान्याचा गस लिंडोव्ह म्हणाला, "वर्न, तुझी पोरं मोटर झकास उघडतात रे, पण मशीनवर स्क्रीन दिसली की मख्खासारखी बघत बसतात! त्या मॅरीबेथला शिकवू दे की नवं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्त लिहायचं काम विभागप्रमुखाचं, म्हणजे माझं. मी लिहिलं, 'सध्याच्या अभ्यासक्रमावर सर्वांनी समाधान व्यक्त केले.' त्या एका ओळीवर डीनबाईंनी तुझी योजना गुंडाळली आणि तू राजीनामा दिलास. निरोपाचा केक मीच आणला होता. कुठल्या तोंडानं आणला, देव जाणे.

तुझ्यावर राग नव्हता गं. मला ते स्क्रीनवरचं काम येत नाही, एवढंच. गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, तर दुसऱ्याच दिवशी पाठ धरल्याचं सोंग करून मी घरी आलो. तीस वर्षं शिकवल्यावर बाकावर बसून चारचौघांत चुकायचा धीर झाला नाही. माझी झाकली मूठ राहावी म्हणून तुझ्या पोटावर पाय दिला. फार लाज वाटते.

आज सकाळी गसचं बोलणं जसंच्या तसं लिहून डीनबाईंना दिलं, एक प्रत ग्रीन बेला पाठवली. बाई म्हणाल्या, "वर्न, आता तुम्हाला प्रमुख ठेवता येणार नाही मला."

"ठेवूही नका," म्हटलं.

तुझी इथली जागा मात्र भरली गेली. ती मला परत देता येत नाही.

मुलाखतीत माझं नाव निघेल. तेव्हा माझी बाजू सावरू नकोस. तू सावरशील, याचीच मला जास्त भीती वाटते.

तुला तोंड दाखवायला न धजणारा,
वर्न स्टॅडलर