पोट खाली असताना

आई, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं बोलणं तपासायचं काही सोडत नाहीस. ग्वाल्हेरच्या दाल बाजारामागच्या आपल्या स्वयंपाकघरात मी "आई, आलू वाढ ना" म्हटलं की तू डाव हातात धरून नुसती बघत राहायचीस. "आलू माझ्याकडे शिजत नाही. दुसरं काही हवं असेल तर सांग." बटाटा म्हणेपर्यंत पान कोरडं. एकदा तर माझ्या मैत्रिणीसमोर हे केलंस. ती आरामात आलू खात होती, कारण पाहुणीला सगळं माफ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून घराबाहेर पडले की मी मुद्दाम हिंदीच बोलायचे, आणि पुढे घरातही सगळी खिचडी झाली. ग्वाल्हेरात शुद्ध कोण बोलतं गं? आणि त्यावाचून कोणाचं अडतं, असं मी म्हणायचे.

माझं काम तुला ठाऊक नाही, तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या घरी जाऊन मी व्यायाम करून घेते. त्यांना उचलायचं कसं, निजवायचं कसं, ते घरच्यांना शिकवते. सध्या थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असं एक बाळ आहे. सातव्या महिन्यात झालेलं, काचेच्या पेटीतून घरी आलेलं. लवकर जन्मल्याची सूट दिली तरी एव्हाना त्याने मान धरायला हवी होती. धरत नाही. मांडीवर बसवलं की डोकं पुढे पडतं. म्हणून जागं असताना, कोणीतरी समोर बसून, थोडा थोडा वेळ त्याला उपडं निजवायचं, म्हणजे मान उचलायची धडपड ते स्वतःच करतं. घर मराठी, आणि आजी नातवासाठी साताऱ्याहून मुद्दाम आलेल्या. मला कोण आनंद! आज हिंदी नको, आपलीच भाषा, म्हणून मी ऐटीत सांगितलं, "आजी, पोट खाली असतानाच उपडं करायचं हं." त्यांनी मान डोलावली, मीही खूश होऊन निघाले.

पुढच्या खेपेला मी जिना चढतेय तोच वरून सुनेचा आवाज येतो, "आई, इसको क्या हुआ? आई!" दार उघडंच आहे. सतरंजीवर बाळ उपडं, आणि समोर आजी, अगदी मी सांगितलं तशा बसलेल्या. बाळाच्या नाकातोंडातून दूध येतंय, ओठ निळसर, आणि आवाज नाही. रडतसुद्धा नाही. मी चपलांसकट आत धावते, त्याला हातावर पालथं घेते, डोकं खालच्या बाजूला, आणि पाठीवर थापट्या मारते. काही होत नाही. पुन्हा मारते. आजी देवाचं नाव घेतायत, सुनेने नवऱ्याला फोन लावलाय. मग भसकन दूध बाहेर येतं आणि ते रडतं. त्याला घेऊन मी तिथेच फरशीवर बसते.

डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ आहे म्हणाले. घरी आल्यावर सुनेचा बांध फुटला. "दूध पाजल्याबरोबर उपडं कोण टाकतं, आई? मॅडमनी बोला था ना, पोट खाली पाहिजे!"

"मग खालीच होतं की गं," आजी म्हणाल्या. "हात घालून बघितलं मी, नीट टेकलंय का."

साताऱ्यात खाली म्हणजे खाली, आई, आणि मी बोलले होते हिंदीतलं खाली. रिकामं हा शब्द माझ्या तोंडात आलाच नव्हता. मी तिथल्या तिथे सांगितलं की चूक माझ्या बोलण्याची आहे, आजींची नाही. पण एव्हाना घरी आलेला आजींचा मुलगा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. "बस, अब ये सब बंद. आणि आई, तू याला हात लावू नकोस." आजी उठून आत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. मला तो पाण्याचा आवाज सहन होईना.

बंद करून कसं चालेल? मी रोज फोन करत राहिले, शेवटी सुनेनेच आज बोलावलं. मी आजींना पलंगावर उशीला टेकवून बसवलं आणि बाळाला त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं. दुधाची वेळ व्हायची होती, पोट रिकामं होतं, ते मी सगळ्यांना नीट सांगून घेतलं. मुलगा दारात हाताची घडी घालून उभा. बाळाने नाक घासलं, कण्हलं, लालबुंद झालं. डोकं जरासं हललं. उचललं की नुसतं बाजूला वळलं, मला सांगता येईना. आजींनी श्वास रोखून विचारलं, "धरेल ना हो मान?" तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"धरेल," मी म्हटलं.

हा कागद टाकायला कुठे टपालपेटी नाही, आणि त्या घरात तर हे बोलता येणार नाही. म्हणून तुला सांगते. मला माहीत नाही, आई.