मोठी जागा, जुना पत्ता

१० जानेवारी १९८३, सोमवार
आजपासून रोजनिशी. थोर माणसं ठेवतात.
कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात सी नावाची नवी भाषा आली आहे. पुस्तक एकच, ते माझ्याकडे. आठवड्यात फडशा पाडणार.
चारुलता दिवाळीला कऱ्हाडला माहेरी गेली ती गेलीच. म्हणे एका खोलीत जीव गुदमरतो. पत्र मी आधी लिहिणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१३ जानेवारी, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी
पुस्तक सहाव्या पानावर. डोळा लागला, भात करपला. स्टोव्ह खराब आहे.

१९ जानेवारी
सुरेंद्र साहेबांनी हजेरीचा प्रोग्रॅम माझ्यावर सोपवला. कामगार वाढले, यादी मेमरीत मावत नाही. यावर रिअॅलॉक नावाचा हुकमी उपाय आहे. मोठी जागा मागायची, मिळते. लागून जागा नसली तर यादी उचलून दुसरीकडे ठेवतात आणि नवा पत्ता हातात देतात. एका ओळीचं काम. जागा मिळाली का हे तपासत बसणं भित्र्यांचं लक्षण.
त्याच झपाट्यात संध्याकाळी आकुर्डीला दोन खोल्या ठरवल्या. चारुलताचा प्रश्न निकालात.

२४ जानेवारी
चिंचवड गावठाणातली खोली सोडली. घरमालकीण सोजराबाईंनी नवा पत्ता मागितला. म्हटलं, गरज नाही, ज्याला मी हवा तो शोधत येईल. चारुलताला पडदे लागल्यावर कळवायचं. थक्क झाली पाहिजे.

२८ जानेवारी
पडद्यांचं कापड आणलं. शिवणार कोण, हा विचार राहिला.

३ फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टी. दिवसभर तिच्या आरशासाठी खिळा ठोकत होतो. खिळे वाकले. भिंत निकृष्ट. कोणी आलं नाही. एकांत मला मानवतो. संध्याकाळी सवयीने चहा दोघांचा झाला. दोन्ही कप मीच प्यायलो.

८ फेब्रुवारी
हजेरीत धोंडीबा फिटरच्या नावाऐवजी नुसत्या चांदण्या छापून आल्या. दोष कंपायलरचा, म्हणजे माझं लिहिणं मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचा.
साहेबांना पटलं नाही. म्हणाले, यादी नव्या जागी गेली, पण तुझा छपाईचा भाग जुनाच पत्ता धरून बसलाय, तिथे आता दुसऱ्याचा संसार. नवी जागा खरंच मिळाली हे बघेपर्यंत जुना पत्ता सोडायचा नाही, आणि मिळाली की जुना पत्ता असणाऱ्या प्रत्येकाला नवा द्यायचा. नाहीतर तुझाच पत्ता कट. विनोद असावा.

१२ फेब्रुवारी
बादली राहिली होती म्हणून गावठाणात गेलो. आमच्या खोलीत नव्या भाडेकरूंची कढी उकळत होती. सोजराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वर न बघताच बोलल्या.
"मागल्या हप्त्यात गुरवारी तुमची मंडळी आली व्हती, ट्रंक घेऊन. दिस मावळंपत्तुर हितंच बसली. पत्ता इचारला. मी काय सांगनार, भाऊ? तुमी दिलाच न्हाई."
ट्रंक घेऊन म्हणजे राहायला. आणि गुरुवारीच, मी घरी असतो म्हणून. फार वाईट वाटलं. बादली तिथेच राहिली.

१३ फेब्रुवारी
प्रोग्रॅम दुरुस्त झाला. धोंडीबा छापून आला.
चारुलताला पत्र लिहायला बसलो. तत्त्वाचा प्रश्न नाही. वर नवा पत्ता घालायचा, तर घराचा नंबर मलाच माहीत नाही. इथे कोणाचं पत्र आलेलंच नाही.