शनिवारचा हातभार

सोमवार, ४ नोव्हेंबर
नवी वही, नवी नोकरी, नवं शहर. पहिला दिवस पार पडला आणि पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत. कंपनी लिफ्टच्या देखभालीची. तिसऱ्या मजल्यावर एकच लांबलचक खोली, भिंतभर तक्ता, तक्त्यावर शहरातल्या आमच्या तीनशे वीस लिफ्ट. एखादी बंद पडली की तिथे लाल बिल्ला लागतो. चौदा माणसं आणि मी त्यांचा प्रमुख. माझा मदतनीस सारखा हसत असतो, म्हणून त्याचं नाव मी मनातल्या मनात हसरा ठेवलं आहे. वरच्या बाईंना सगळे ताई म्हणतात. पन्नाशीच्या असाव्यात, आवाज चढत नाही, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतात. असा वरिष्ठ मला आजवर मिळाला नव्हता.

माणसं हाताळणं हा माझा हातखंडा. समोरच्याला आपणच जिंकलो असं वाटायला लावून घरी पाठवायचं आणि आपल्याला हवं ते अलगद ठेवून घ्यायचं, याला मी वाटाघाट म्हणतो. बायको याला लबाडी म्हणते. ती इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली आहे. चिमी, आमची नऊ वर्षांची, जुन्या मैत्रिणी सुटल्या म्हणून फुगून बसली आहे. सामानाच्या खोक्यांचं तिने घर केलंय आणि आत जायचं तर माझ्याकडून अर्ज लिहून घेते.

शनिवार, ९ नोव्हेंबर
इथे दर शनिवारी अकरा वाजता ‘हातभार’ असतो. ज्याची पाळी, त्याने खुर्ची भिंतीकडे वळवून पाठ करून बसायचं. बाकीच्यांनी समजायचं की हा माणूस गेला, आता याच्या कामांचं काय? हसरा त्याच्या कामांची यादी वाचतो आणि जो तो म्हणतो, हे मी घेतो, ते मी घेते. पाठ करून बसलेल्याने ‘दिलं’ म्हटलं की काम गेलं. ताईंचं म्हणणं असं की ज्याच्यावाचून अडतं तो माणूस कधीच मोकळा होत नाही.

आज टेलिफोनवाल्या बाईंची पाळी होती. दोन कामं गेली आणि बाई हसतमुखाने परत वळल्या. मला कल्पना फार आवडली. आधीच्या नोकरीत एकेक जण आपलं टेबल किल्ल्यासारखं लढवायचा.

शनिवार, १६ नोव्हेंबर
आज ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाची, काकांची पाळी. सव्वीस वर्षांपूर्वी भिंतीवरचा तक्ता त्यांनीच आखला. मग एकेक करत सगळी कामं हातभारात गेली आणि एकच उरलं: खिडकीत काचेच्या बाटल्यांत वेली आहेत, त्यांचं पाणी रोज साडेचारला बदलायचं. सभेआधी ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की तीन वर्षं झाली, ते काम त्यांच्याकडून कुणालाच काढता आलेलं नाही, तुमचं कसब ऐकून आहे. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

पद्धत माझी नेहमीचीच. आधी भरपूर कौतुक. मग एक अवाढव्य मागणी: काकांनी आता टेबल सोडून घरीच आराम करावा. मग मी मोठ्या मनाने ती मागणी मागे घेतली आणि म्हणालो, बरं, निदान तेवढं पाणी तरी मला द्या. काका भिंतीकडे बघत म्हणाले, “ते राहू द्या हो साहेब. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात.” तीनदा म्हणाले. मी त्यांच्या गुडघ्यांचा विषय काढला, बादलीच्या वजनाचा काढला, त्यांच्या बायकोच्या काळजीचा काढला. शेवटी काका ‘दिलं’ म्हणाले.

टाळ्या झाल्या. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काकांची खुर्ची मात्र कुणी परत वळवली नाही, हे मला जिना उतरताना लक्षात आलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर
काकांच्या टेबलावर आज प्रिंटर आहे. हसऱ्याला विचारलं तर म्हणाला, कोण काका? टेलिफोनवाल्या बाई इथे एकोणीस वर्षं आहेत, त्यांनाही असं कुणी आठवत नाही. वाटलं, नव्या माणसाची फिरकी घेतायत.

साडेचारला पाणी बदलायला गेलो तर काका खिडकीशी उभे. त्यांचा हात बाटलीपर्यंत जायचा आणि थांबायचा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी बघतो आहे हे त्यांना कळत होतं. टेलिफोनवाल्या बाई बादली घेऊन, तिथे कुणी नसल्यासारख्या, सरळ त्यांच्या अंगावर आल्या आणि काका सवयीने बाजूला झाले. तरी पाणी मी पूर्ण बदललं.

बुधवार, २० नोव्हेंबर
संध्याकाळी काकांच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत गेलो. त्यांनी घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी काकांच्या आरपार जिन्याकडे पाहिलं आणि पोरांचा चावटपणा म्हणून लावून घेतलं. मग मी वाजवली. मला मात्र त्यांनी अदबीने विचारलं, कोण हवंय. मी काकांचं वर्णन केलं, तुमचे यजमान म्हटलं. त्या म्हणाल्या की माझं लग्नच झालेलं नाही, तुमची काहीतरी चूक होतेय. काका माझ्या शेजारी उभे राहून ऐकत होते. मी माफी मागितली आणि काढता पाय घेतला.

मला लाज वाटते आहे. पण त्याहून जास्त भीती वाटते आहे, हे इथे तरी खरं लिहितो.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
ताईंना सांगितलं, ते काम मला परत द्यायचंय. त्यांनी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, जरूर, फक्त ज्याचं होतं त्याने सभेत स्वतः मोठ्याने मागायला हवं. काका दारातच होते. ओरडत होते बहुतेक, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ताईंनी वही उघडून पुढची तारीख पाहिली. मग म्हणाल्या, या शनिवारी तुमची पाळी आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर
मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. रात्रंदिवस खपून एक्केचाळीस कामांची यादी केली होती. खिडकी उघडणं, खिडकी लावणं, सगळं वेगवेगळं. यांना दमवायचं, हा बेत. हसऱ्याने एका दमात एकोणीस मागितली. बाकीच्यांनी उरलेली. पाठोपाठ यादीचं दुसरं पान निघालं, ते मी लिहिलेलं नव्हतं. त्यात गॅसची टाकी होती, आईला फोन होता, चिमीचं गणित होतं. मान वळवून पाहिलं, अक्षर बायकोचं. ताईंनी तिला फोन करून म्हणे एवढंच विचारलं होतं की यांच्यावर घरचा किती भार आहे, आणि तिने लिहून पाठवलं.

मी तोंड उघडलं नाही. वाटाघाटीत जो आधी बोलतो तो हरतो. चाळीस मिनिटं भिंत बघितली. मग ताई मागून अगदी मायेने म्हणाल्या, “एक ठेवा तुमच्याकडे. कुठलंही. कायमचं. आमच्यातलं कुणी ते मागणार नाही. बाकीचं तेवढं सोडा.”

आधी सगळं मागायचं, मग थोडं सोडायचं. माझाच डाव, मला ओळखता आला. तरी वाटलं, जिंकलो. काकांना हे सुद्धा कुणी दिलं नव्हतं.

चिमीला शाळेत पोचवणं ठेवलं. शाळेसमोर रुंद रस्ता आहे, ती माझा हात घट्ट धरते आणि डोळे मिटून ओलांडते. ऑफिसमधला कोण येणार आमच्या दोघांच्या मध्ये. ताईंनी लिहून घेतलं. मी ‘दिलं’ म्हणालो.

सोमवार, २५ नोव्हेंबर
माझ्या खुर्चीत हसरा. मी समोर उभा राहिलो तर माझ्यातून पलीकडचा तक्ता बघत होता.

घरी दोनच ताटं.

सात चाळीसला चिमीचं दप्तर उचलतो तेव्हा बायकोला दिसतो. डबा द्या म्हणते, उशीर करू नका म्हणते. आठला शाळेचं फाटक लागतं. तेवढाच मी असतो. वीस मिनिटं.

बुधवार, २७ नोव्हेंबर
दिवसभर ऑफिसच्या जिन्यात बसतो. काकाही असतात. आता त्यांचं बोलणं ऐकू येतं. मला वाटलं, शिव्या घालतील. वेलींची चौकशी केली. हसरा पाणी बदलत नाही, सगळ्या सडल्या. मी म्हटलं, छान आहेत.

काका म्हणाले, पोरीचा हात सोडू नका.

सोमवार, २ डिसेंबर
चिमी म्हणते, वर्गातल्या सगळ्या एकट्या रस्ता ओलांडतात. बाईंनी शिकवलंय. आधी उजवीकडे बघायचं. मी म्हटलं, नाही.

ताईंनी शब्द पाळला. त्यांच्यातलं कुणी मागायला आलं नाही —

मंगळवार, ३ डिसेंबर
पुन्हा विचारलं. नाही. बायको म्हणाली, जाऊ दे की तिला, मोठी होतेय. नाही म्हणजे नाही —

बुधवार, ४ डिसेंबर
फाटकाशी मुली हसल्या. बाबांचा हात धरून येते म्हणून. तिने हात ओढला. मी दाबून धरला. मनगटावर माझी चार बोटं उठली. निळी.

आठ वाजले आणि मी दिसेनासा झालो, तेव्हा ती मनगट चोळत होती. कशाने लागलं ते तिला कळत नव्हतं.

गुरुवार, ५ डिसेंबर
हात खिशात घालून चालली. मी ओढून काढला. रडली. म्हणाली, रस्त्याची भीती वाटत नाही आता. तुमची वाटते.

वीस मिनिटांतली वीसही ती रडत होती. मी हात धरून —

असं रोज? ती वीस वर्षांची होईपर्यंत? तोंड दाबून ओढत न्यायची —

शुक्रवार, ६ डिसेंबर
सात छप्पन्न. शाळेसमोर, रस्त्याच्या अलीकडे कठड्यावर बसून लिहितोय. दप्तर माझ्या पायाशी —

ती आज रडली नाही. विचारलंही नाही. आपणहून हात पुढे केला, डोळे मिटले, मनगट माझ्याकडे. मार खायला करतात तसं. मला बघवेना —

मी दप्तर तिच्या पाठीवर चढवलं. म्हटलं, जा. एकटी जा. तिने विचारलं, खरंच?

दिलं म्हणालो. मीच. कुणी मागितलं नव्हतं —

उजवीकडे बघितलं. डावीकडे. पळाली नाही, नीट चालत गेली, डोळे उघडे ठेवून. पोचली. पोचली —

वळली. हसतेय. इकडेच बघतेय. मी हात वर केला. दोन्ही हात. ती या बाजूला कुणाला तरी शोधतेय, आणि कुणाला ते तिला