महादूच्या आईचं मत

प्रिय आई,

सकाळपासून लालबागमध्ये पेढे वाटतायत. मुंबईसह आपलं राज्य झालं! बाबा गॅलरीत कंदील बांधायला चढले, मध्येच खाली उतरले आणि तुझ्या फोटोसमोर बसून राहिले. म्हणून मी लिहायला घेतलं. थोडे दिवस थांबता आलं नाही का गं तुला?

पहिली निवडणूक आठवते? साहेबाच्या राज्यात मत होतं ते घरदारवाल्यांना, शिकलेल्यांना. आपल्या चाळीत एकट्या मालकाला. स्वराज्यात ते गिरणीतल्या माणसाला मिळालं, बाईलाही मिळालं. पण मतदारयादीत नावं लिहायला शाळेचे मास्तर आले, तेव्हा तू पदर ओढून दाराआड! बाबाच म्हणाले, "लिहा, महादूची आई." अमक्याची आई, तमक्याची बायको, अशी नावं पुढे यादीतून गाळून टाकली, तुझंही. मतदानाला बाबांसोबत गेलीस आणि तशीच परत आलीस. "माका काय कळता त्यातला?" म्हणालीस आणि भाकऱ्या थापायला बसलीस. रागवायचंस तरी!

मग मुंबईसाठी माणसं रस्त्यावर उतरली. आपला महादूदादा गिरणीतली पाळी सुटल्यावर थेट मोर्चात गेला. परळला गोळी लागून तो गेला. तू रडली असतीस तर बरं झालं असतं. तू बोलणंच सोडलंस.

पुन्हा यादी करायला मास्तर आले, तेव्हा बाबांच्या आधी तूच म्हणालीस, "महादूची आई."

"तसं चालत नाही, बाई. तुमचं स्वतःचं नाव हवं."

"माझो झील गेलो. आता ह्या नाव पण काढून घेतास?"

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "त्याची आई तुम्ही राहणारच. पण मत द्यायला तुमचं नाव लागतं."

"मत दिलंय तर मुंबय गावतली?"

"ते मी कसं सांगू?" मास्तर म्हणाले. "पण तुमचं मत मोजलं जाईल, एवढं नक्की."

तू दाराची चौकट घट्ट धरलीस. मग म्हणालीस, "सुभद्रा." बाबांनी चमकून पाहिलं. आणि मी? इतकी वर्षं तुझ्या कुशीत निजले, पण तुझं नाव मला तेव्हा कळलं, आई!

मतदानाच्या दिवशी मी तुझ्यासोबत शाळेच्या दारापर्यंत आले होते. आतून पुकारा झाला, "सुभद्रा सखाराम परब!" तू ढिम्म. मी ढोसलं, "अगं, तूच!" दादा गेल्यावर पहिल्यांदा तुझ्या ओठांवर हसू दिसलं.

प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या पेट्या होत्या त्या पडद्यामागून तू लवकर आलीच नाहीस. बाबा येरझाऱ्या घालू लागले. बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं, "एवढा वेळ काय करत होतीस?"

"महादू आसतो तर खंय टाकल्यान असता, तेचो इचार करी होतंय."

"मग?"

"मग माका माझाच सुचला."

कुठल्या पेटीत टाकलंस, ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस. बाबांनाही नाही! किती छळलं त्यांनी तुला!

आई, वरच्या मजल्यावर नवी सून आलीय. परवा तिला नाव विचारलं, तर म्हणते, "ह्यांना विचारा." पुढल्या निवडणुकीला मलाही मत असेल. यादी करायला मास्तर आले की त्यांच्याबरोबर मी चाळभर फिरेन, आणि एकेक बाई आपल्या तोंडानं आपलं नाव सांगेपर्यंत त्यांना पुढल्या दारी जाऊ देणार नाही.

तुझीच,
शालन